कापलेला कान

निवृत्त चित्रकला शिक्षकाकडे लोक ठरावीक कामं घेऊन येतात. गणपतीचं मखर, नातवाची एलिमेंटरीची तयारी, नाहीतर सोसायटीच्या फाटकाशी लावायची 'येथे गाडी उभी करू नये' ही पाटी. 2024 च्या नवरात्रात ताई आल्या त्या यांतलं काहीच न घेता आल्या. नालासोपारा पूर्वेला, चाळी आणि अर्धवट बांधलेल्या इमारती संपून जिथे पाणथळ सुरू होतं, तिथे त्या भटक्या कुत्र्यांचं शेल्टर चालवतात. पत्र्याची लांब शेड, मागे औषधांची एक खोली, आणि रस्त्याच्या बाजूला साठ फूट लांब, नऊ फूट उंच कुंपणाची भिंत.

"सर, भिंतीवर चित्र काढून घ्यायचंय. पैसे आलेत. कुणाकडून काढून घ्यायचं ते तुम्ही ठरवा."

पैसे कसे आले ते हळूहळू कळलं. एका कंपनीने साठ हजार रुपये दिले होते आणि ते फक्त भिंतीसाठी होते. तांदळासाठी नाही, लशींसाठी नाही, शेडचा गळका पत्रा बदलण्यासाठी नाही. कुत्र्यांचा भात शिजवणाऱ्या मावशींनी माझ्यासमोर कपाळाला हात लावला. कोंबडीचे पाय, तांदूळ आणि हळद यांचं भलंमोठं पातेलं त्या रोज दोनदा चुलीवर चढवतात. साठ हजारांची किती पोती होतात ते त्यांना तोंडपाठ होतं. "भिंत काय खायला घालणार आहे?" एवढंच त्या बोलल्या आणि पुन्हा ढवळायला लागल्या.

मी आयुष्यभर मुलांना चित्र काढायला शिकवलं. तरी मावशींना काय उत्तर द्यावं ते मला त्या दिवशी सुचलं नाही.

कंपनीने एक नमुना सोबत पाठवला होता. त्यात एक गोंडस, निळ्या डोळ्यांचा कुत्रा होता, त्याला पांढरे पंख होते, भोवती लाल बदाम उडत होते आणि वर इंग्रजीत 'विकत घेऊ नका, दत्तक घ्या' अशा अर्थाचं वाक्य. खाली कंपनीचं बोधचिन्ह, कुत्र्यापेक्षा थोडंसंच लहान. पंखांच्या मधली जागा मोकळी ठेवली होती, लोकांनी तिथे उभं राहून फोटो काढावेत म्हणून. शेल्टरमध्ये निळ्या डोळ्यांचा एकही कुत्रा नाही. जे आहेत ते आपले गावठी; हल्ली त्यांना 'इंडी' म्हणतात. कुणाला खरूज, कुणाचा पाय लोकलखाली गेलेला, कुणाच्या जखमेत किडे पडलेले. आणि त्या रस्त्याने कुत्रा विकत घेणारं माणूस जातच नाही. जातात ते रिक्षावाले, गाळ्यांत काम करणारे मजूर, क्लासची पोरं आणि रात्री शेवटच्या गाडीने उतरून चालत घरी जाणाऱ्या बायका. या बायका हातात दगड घेऊन चालतात आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही.

मग हे चित्र कुणासाठी? कुत्र्यांसाठी तर नाहीच. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच जातींच्या असतात, आपल्या तीन. त्याला निळा आणि पिवळा कळतो. लाल आणि हिरव्यात त्याला फरक करता येत नाही. कंपनीचे लाल बदाम त्याला मळकट तपकिरी ठिपके दिसले असते. शिवाय कुत्रा भिंत बघत नाही, भिंत हुंगतो.

समितीची बैठक झाली. समिती म्हणजे ताई, एक निवृत्त बँकवाले भाऊ, दोन कॉलेजातली मुलं आणि आता मी. भाऊंचा मुद्दा सरळ होता: जिथे पोट भरायची मारामार तिथे रंगरंगोटी कशाला? पैसे परत करा. मी त्यांना जमशेटजींची गोष्ट सांगितली.

जून 1832 मध्ये मुंबईच्या फोर्टात कुत्र्यांवरून दंगल झाली होती. सरकारने बेवारस कुत्री मारायला सांगितलं, मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवलं, आणि मारेकरी बक्षिसाच्या हावेपायी घरातलीही कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मान असतो. पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, सोल्जरांचा दाणागोटा अडला. पुढे दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरपोळ काढला. भुलेश्वरकडच्या पांजरपोळाजवळून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की त्याच्या मुळाशी भटकी कुत्री आहेत? त्याच जमशेटजींनी नंतर एक लाख रुपये दिले आणि त्यातून 1857 साली कलाशाळा उभी राहिली. ते आपलं जे. जे.

"म्हणजे एकाच खिशातून दोन्ही," ताई म्हणाल्या.

"हो, पण आधी पांजरपोळ," भाऊ म्हणाले. "कलाशाळा तेवीस वर्षांनी." बँकेत आयुष्य गेलेल्या माणसापुढे तारखा टाकू नयेत.

तरी त्यांनी पैसे परत करण्याचा हट्ट सोडला. बोधचिन्ह तळहाताएवढं आणि फाटकाशेजारी, एवढ्यावर कंपनीही राजी झाली. चित्राचा नमुना आम्ही ठरवायचा, हेही त्यांनी मानलं. कदाचित कंटाळून.

कॉलेजातल्या मुलीने वारली चित्र सुचवलं. मी नाक मुरडलं, हे कबूल करतो. आमचा जिल्हा पालघर, म्हणून स्टेशनच्या भिंतीवर वारली, शौचालयाच्या भिंतीवर वारली, हॉटेलातल्या उशांच्या अभ्र्यांवर वारली. तारपा वाजवणारा एक माणूस आणि त्याच्याभोवती गोल फिरणारी माणसं. छाप करून ठेवलाय, रंग फासला की झालं. मूळ गोष्ट किती वेगळी! वारल्यांच्या घरात लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधे पालघट देवी असते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि लग्न पार पडलं की त्या चित्राचं काम संपतं. पुढे त्याचं काय व्हायचं ते होवो. 1970 च्या सुमारास चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर गेले, कागद आणि रंग दिले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी बायकांच्या हातातली ही कला कागदावर आणून जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं पाहिली की बाजारातल्या तारप्याकडे बघवत नाही.

पण मुलगी म्हणाली, "सर, छाप मारणारा नको, खरा माणूस आणू." आणला. डहाणूच्या बाजूचा, तिशीतला, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी त्याने ब्रश काढलाच नाही. भिंतीला हात लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला, मग शेडमध्ये जाऊन कुत्री पाहिली, मावशींकडून चहा घेतला. मग मला विचारलं:

"सर, हे चित्र कुणाच्या लग्नाचं?"

मला आधी कळलंच नाही. तो खरंच विचारत होता. त्यांच्याकडे भिंतीवर लिहायचं तर काहीतरी कार्य लागतं. मी म्हटलं, "लग्न कुणाचंच नाही रे बाबा. यांची तर सगळ्यांची नसबंदी झालीय."

तो हसला आणि म्हणाला, "मग तेच लिहू."

पुढचे नऊ दिवस मी रोज सकाळी खुर्ची टाकून तिथे बसायचो. भिंत खरवडली, कुठे कुठे लोणा होता तो घासून काढला, प्रायमर मारला, वर गेरूच्या रंगाचा बाहेरचा डिस्टेंपर नव्हे तर चांगल्यातला इमल्शन. तांदळाचं पीठ आमच्या पावसात आठवडाही टिकलं नसतं; पांढराही ॲक्रिलिकच. पण काडी त्याने बांबूचीच वापरली, टोक चावून मऊ केलेली. वर पोचायला एका रंगाऱ्याकडून परांची भाड्याने आणली होती. तिचं भाडं रंगाच्या निम्मं झालं.

त्याने शेल्टर काढलं नाही, वस्ती काढली. आमचीच वस्ती. डावीकडे लोकल, डब्याला लोंबकळणारी माणसं. ती मात्र वारली त्रिकोणांत इतकी चपखल बसली की जणू ती पद्धत विरार गाडीसाठीच निघाली असावी. मग गाळे, नळावरची रांग, उकिरडा, वडापावची गाडी, रात्रपाळीचा वॉचमन. आणि जिथे माणूस तिथे कुत्रा. गाडीखाली निजलेला, वडापाववाल्याच्या पायाशी आशेने बसलेला, उकिरड्यावर भांडणारे तीन. एक कुत्री पाच पिलांना पाजत होती. एकाला तीनच पाय होते, मावशी पातेलं सोडून आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा आपला लंगड्या." तिथून पुढे त्यांनी चित्रकाराला सकाळचा चहा द्यायला कधी उशीर केला नाही.

चौथ्या दिवशी मला ते दिसलं. चित्रातल्या बहुतेक कुत्र्यांचा डावा कान टोकाशी तिरका तुटलेला होता. आधी वाटलं काडी घसरली. जवळ जाऊन चष्मा पुसून पाहिलं. कान म्हणजे भाताच्या दाण्याएवढा त्रिकोण, आणि त्याचं टोक त्याने दर वेळी गेरूने पुन्हा झाकलेलं, मुद्दाम. आधी अख्खा कान काढायचा, सुकू द्यायचा, मग कापायचा. पाजणाऱ्या कुत्रीचा कान मात्र शाबूत.

नसबंदीच्या वेळी भुलेत असतानाच डॉक्टर कानाचं टोक कापतात, म्हणजे तेच जनावर पुन्हा उचललं जात नाही. त्याच वेळी रेबीजची लस देतात आणि नियमाप्रमाणे जिथून उचललं त्याच गल्लीत आणून सोडतात. 2001 पासून नियम तसा आहे, 2023 च्या नव्या नियमांतही तोच राहिला. पण कापलेल्या कानाचा अर्थ आमच्या रस्त्यावर कुणालाच माहीत नव्हता. कुणी म्हणे भांडणात तुटला, कुणी म्हणे करणी आहे. भिंत पुरी व्हायच्या आत क्लासच्या पोरांनी चित्रकाराला विचारलं, त्याने मावशींना विचारा म्हणून सांगितलं, आणि मावशींनी पातेल्यापाशी उभं राहून नसबंदीवर जे भाषण केलं ते कुठल्याही सरकारी पत्रकात सापडणार नाही. आठवडाभरात पोरं गल्लीतल्या कुत्र्यांचे कान तपासत फिरू लागली. दोन अख्ख्या कानांची खबर ताईंपर्यंत पोचली. पंखवाल्या कुत्र्याने हे केलं नसतं.

कुत्र्याच्या नावाने दगड उभारणं आपल्याकडे नवं नाही. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या स्मारकाचा वाद सगळ्यांना माहीत आहे, त्यात मला पडायचं नाही. मला जास्त आवडतो तो कर्नाटकातल्या अतकूरचा दहाव्या शतकातला शिलालेख. काळी नावाच्या कुत्रीला तिच्या मालकाने रानडुकरावर सोडलं, झुंजीत दोघं मेली, आणि मालकाने तिच्यासाठी कोरीव शिळा उभारली, शिळेच्या पूजेसाठी जमीनही लावून दिली. हजार वर्षांपूर्वीच्या त्या जनावराचं नाव आज आपल्याला ठाऊक आहे. आमच्या शेल्टरमध्ये या घडीला तीन काळ्या आहेत.

आणि चित्रकाराच्या मुलखात वाघदेव. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. वाघबारशीला त्याची पूजा. तो रानाच्या कडेला असतो. तू तुझ्या हद्दीत, मी माझ्या, असा तो करार आहे. लाडाचा किंवा दयेचा तिथे संबंध नाही. मला वाटतं भटक्या कुत्र्यांबद्दल आपण जे भांडतो त्यात हेच हरवलंय. एक बाजू त्यांना लेकरू म्हणते, दुसरी त्यांना मारून टाका म्हणते, आणि हद्द कुणीच आखत नाही.

सातव्या दिवशी चित्र खालच्या बाजूला आलं आणि चित्रकार थांबला. जमिनीपासून दीड फूट पट्टा त्याने कोराच ठेवला. "इथं नाही लिहायचं, सर. इथं ते तंगडी वर करणार." भाऊ खूश झाले, रंग वाचला. पण साठ फुटांचा कोरा पट्टा डोळ्यात खुपत होता. तेव्हा मला मुंबईच्या प्याऊ, म्हणजे पाणपोया, आठवल्या.

जुन्या मुंबईत सधन माणसं आप्तांच्या आठवणीसाठी प्याऊ बांधत. मशीद बंदरच्या भात बाजारातली केशवजी नाईकांची 1876 ची, फोर्टातली रतनसी मुळजी जेठांनी मुलाच्या स्मरणार्थ बांधलेली. मुळजी जेठांच्या प्याऊचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, ज्याने व्हीटी बांधलं त्याचा. या प्याऊंवर नक्षी असे, घुमट्या असत, आणि माणसांसाठी वर धार, खाली गुरांसाठी, घोड्यांसाठी डोणी. शहरातलं जनावर पाणी पिताना दिसावं म्हणून एवढी कारागिरी. डोणी पाडून तिथे गाडी लावायला जागा केली की नक्षी उरते, पण प्याऊ संपते.

साठ हजारांतले जे अकरा हजार उरले होते त्यांत आम्ही त्या कोऱ्या पट्ट्याला लागून दोन सिमेंटच्या कुंड्या बांधल्या. एक लांब आणि बुटकी, दुसरी उंच, पक्ष्यांसाठी. टाकीचा ओव्हरफ्लो पाइप एका कुंडीत सोडला. कंपनीने हिशेबात 'चित्राचा भाग' म्हणून तो खर्च मान्य केला. ते पत्र भाऊंनी लिहिलं होतं आणि त्यात त्यांच्या बँकेतल्या पस्तीस वर्षांचं कसब दिसत होतं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी दर वर्षी सांगायचो की आपल्या गावात सार्वजनिक जागी लिहून ठेवायची रीत सव्वादोन हजार वर्षांची आहे. नालासोपारा म्हटलं की बाहेरच्यांना गर्दी आठवते, नाहीतर जुलै 2018 चे पाण्यात बुडालेले रूळ. पण पश्चिमेला, सोपाऱ्यात, अशोकाचे लेख होते. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना भातेला तळ्याजवळ आठव्या लेखाचा तुकडा सापडला, त्याच वर्षी त्यांनी बुरूड राजाच्या कोटातला स्तूप उकरला. 1956 मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आठव्यात राजा सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, मी धम्मयात्रेला जातो. नववा मला जास्त प्रिय आहे. त्यात तो म्हणतो की आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर लोक नाना मंगलविधी करतात. खरं मंगल म्हणजे नोकराचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान आणि जिवांच्या बाबतीत संयम. दुसऱ्या लेखात तर माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, आणि वाटेवर दोघांसाठी विहिरी असं स्पष्ट आहे. तो लेख सोपाऱ्यात मिळालेला नाही, गिरनारला वाचता येतो. मालिकेतले चौदाही लेख इथे असावेत असं अभ्यासक मानतात.

चित्रकाराला मी हे सांगितलं तेव्हा तो काडी धूत होता. म्हणाला, "तो राजा होता, त्याने दगडावर लिहिलं. आमचं पावसात जातं, मग परत लिहितो."

2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांची बातमी आली. 11 तारखेला दिल्ली परिसरापुरतं म्हटलं गेलं की सगळी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा. 22 तारखेला मोठ्या पीठाने ते बदललं, नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत आपल्या जागी सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी ठेवा, खायला घालायच्या जागा ठरवून द्या. आमच्या रस्त्यावर मात्र पहिलीच बातमी पोचली. शेजारच्या चाळीतले एक काका, ज्यांनी पूर्वी शेल्टरविरुद्ध दोनदा अर्ज केला होता, ताईंकडे येऊन म्हणाले, "आता सगळी आत घेणार ना?" ताईंनी त्यांना भिंतीपाशी नेलं आणि वॉचमनच्या पायाशी बसलेला कापल्या कानाचा कुत्रा दाखवला. काका पटले असं नाही. पण हल्ली ते लांब कुंडी कोरडी दिसली की फाटक वाजवतात आणि तेवढ्यापुरतं भांडतात. आम्हाला ते भांडण चालतं.

मावशींना मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलेलं नाही. मात्र भात निवायला ठेवून त्या हल्ली भिंतीसमोर बसतात, पूर्वी आत बसायच्या.

परवा पाऊस उघडल्यावर जाऊन आलो. खाली लोणा पुन्हा चढलाय, उजवीकडचा गेरू तीन-चार ठिकाणी पोपडे धरून सुटलाय, लंगड्याचा उरलेल्यांपैकी एक पाय गेलाय. चित्रकाराला फोन केला. दिवाळीनंतर दोन दिवस येतो म्हणाला, रंगाचे पैसे द्या, मजुरी नको. पैसे जमलेत. अडलंय ते परांचीपाशी. भाडं पुन्हा रंगाच्या निम्मं सांगतात. नालासोपारा-वसईत कुणाकडे दहा फुटी लोखंडी शिडी पडून असेल तर दोन दिवसांसाठी द्यावी. न्यायला आणि परत पोचवायला भाऊ टेम्पो पाठवतील.